आठ महिने ‘तोडीस तोड’ फोनसोबत

फोन घ्यायच्या आधी दोन आठवडे मी एक तक्ता भरत बसलो होतो. डावीकडे सगळ्यांच्या तोंडी असलेला फोन, उजवीकडे त्याला तोडीस तोड म्हणवला जाणारा. रॅम, मेगापिक्सेल, वॉट, निट्स. जवळजवळ प्रत्येक ओळीत उजवीकडचाच वरचढ निघाला, म्हणून तो घेतला. धाकट्या भावाने तक्ताबिक्ता काही न करता त्याच आठवड्यात डावीकडचा घेतला. त्यामुळे गेले आठ महिने दोन्ही फोन एकाच घरात आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव दिसलं की माणूस आधी बाजू घेतो, मग वाचतो. दोन्ही अँड्रॉइड आहेत, एवढं पुरे.

आधी चांगलं सांगतो. बॅटरी 5000 एमएएचची आहे आणि दिवसभर वापरूनही रात्री तीसेक टक्के उरते. स्क्रीन भर उन्हात वाचता येते. वेगाचं म्हणाल तर प्रोसेसरवर मी तक्त्यात जी डोकेफोड केली ती सगळी फुकट गेली. दोन्ही फोन शेजारी ठेवून तीच अ‍ॅप्स उघडली तरी मला फरक कळत नाही.

आता कॅमेरा. माझा 200 मेगापिक्सेलचा, भावाचा 50 चा. आकडा वाचून मी हुरळलो होतो, हे कबूल. पण नेहमीच्या फोटोत माझा फोन शेजारशेजारचे सोळा पिक्सेल एकत्र करतो आणि भावाचा चार. दोघांच्या हाती शेवटी साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो येतो. खरा फरक कळला तो एका संध्याकाळी. पुतण्या पलंगावरून उड्या मारत होता, खिडकीतून जेमतेम उजेड येत होता. भावाच्या फोटोत पोरगा हवेत आहे, पाय पोटाशी, केस उभे. माझ्या फोटोत तो खाली उतरलाय आणि चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा. मी त्याला पाच वेळा उडी मारायला लावली. शेवटी तोच म्हणाला, “काका, तुमचा फोन झोपलाय का?”

तर झोपेचं कारण असं. चांगल्या कॅमेऱ्यात अ‍ॅप उघडं असताना फोन मागच्या मागे सतत फ्रेम साठवत असतो, आणि आपण बटण दाबलं की त्या क्षणाची फ्रेम उचलतो. माझा फोन कमी उजेडात बटण दाबल्यावर कामाला लागतो, आणि वर शटरही जास्त वेळ उघडं ठेवतो. त्यामुळे स्थिर वस्तू उजळ, स्वच्छ येतात आणि हलणारी पुसली जाते. कुंडीतल्या झाडाचे फोटो माझ्याच फोनवर सरस येतात. झाड उड्या मारत नाही. बटण दाबणं आणि फोटो निघणं यांच्यातल्या फटीला माझ्या तक्त्यात ओळच नव्हती.

चार्जिंगचंही तसंच काहीसं. 80 वॉट हा आकडा खोटा नाही, आंघोळ आणि चहा होईस्तोवर फोन भरत आलेला असतो. मात्र चार्जर त्यांचाच हवा आणि केबलही त्यांचीच. लॅपटॉपच्या 65 वॉटच्या यूएसबी पीडी (म्हणजे अनेक कंपन्यांची सामाईक जलद चार्जिंग पद्धत) चार्जरला लावला की नुसता रांगतो. भावाचा फोन कागदावर 25 वॉटचा, पण तो पीडीच्याच पीपीएस पद्धतीने चालतो, म्हणजे चार्जर फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज थोडं थोडं बदलत राहतो, त्यामुळे पीपीएस असलेल्या कुठल्याही बऱ्या चार्जरवर पूर्ण वेगाने भरतो. प्रवासात तो एक चार्जर नेतो, मी दोन. 2023 च्या आयफोन 15 पासून आयफोनलाही यूएसबी सी आलं, युरोपियन युनियनने तर 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना ते बंधनकारकच केलं. सॉकेट एक झालं, पण त्यातून बोलायची भाषा अजून सगळ्यांची एक नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते मात्र एका बारीक गोष्टीने. बॅटरी वाचवायच्या नादात हा फोन पडद्यामागची अ‍ॅप्स परस्पर बंद करतो. औषधाची आठवण करणारं अ‍ॅप पहिल्या महिन्यात तीनदा गप्प राहिलं. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढलं तेव्हा कुठे सुरळीत झालं. एका अपडेटनंतर ते बंधन आपोआप परत आलं, आणि चौथी गोळी चुकल्यावर मला कळलं. टिकलेल्या बॅटरीचं कौतुक मी वर केलंय, ती टिकते कशी हेही यातून दिसतं.

उलट वायरलेस चार्जिंग माझ्या फोनला नाहीच, आणि आठ महिन्यांत एकदाही त्याची आठवण झालेली नाही. संगणकाला जोडल्यावर माझा फोन यूएसबी 2.0 च्या म्हणजे जुन्या, संथ वेगाने चालतो, म्हणजे शंभर जीबी व्हिडिओ उतरवायला पाऊण तास लागतो. पण मी ते वर्षातून दोनदा करतो, लावून जेवायला बसतो. पर्यायी फोन मूळ फोनपेक्षा सरस असावा असं मी धरून चाललो होतो. आता वाटतं, उणीव कुठेतरी असणारच. ती आपला हात रोज जात नाही अशा जागी असली म्हणजे झालं. भावाला माझा फोन चाललाच नसता आणि उड्या न मारणारी माणसं घरात असतील त्याला तो उत्तम चालेल.

अपडेटचं गणित मी साफ चुकवलं. गूगलच्या पिक्सेल 8 ने 2023 मध्ये आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 24 ने 2024 मध्ये सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली होती, हे तेव्हा मला माहीत होतं. माझ्या फोनला तीनच वर्षांची आहे. ‘कोण सात वर्षं वापरतं’ म्हणून ती ओळ मी तक्त्यातून काढून टाकली. त्याआधीचा फोन मी पाच वर्षं वापरला होता.

फोन बदललेला नाही, इतक्यात बदलणारही नाही. पुतण्याचे फोटो भाऊ काढतो आणि मला पाठवतो. तो हवेतला फोटो सध्या माझ्या वॉलपेपरवर आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्क्रीनवर तो भावाच्या स्क्रीनपेक्षा छान दिसतो.