रबरी रेस्पिरेटर वॉर्डात: मास्क चांगला आहे, पण धुणार कोण?

साथीत एन९५ संपत आले की रुग्णालयाच्या स्टोअरमधून हमखास विचारणा होते: रंगकामवाले घालतात तो रबरी मास्क चालेल का? चालतो. काही बाबतींत तो एन९५पेक्षा उजवाही ठरतो. मात्र खरेदी हा त्यातला सोपा भाग. रोज धुऊन, वाळवून, तपासून तोच मास्क पुन्हा त्याच माणसाच्या हातात देणं, यावर सगळं अवलंबून असतं. इथे अर्ध्या चेहऱ्याच्या इलास्टोमेरिक रेस्पिरेटरबद्दल लिहिलं आहे. नमुना म्हणून थ्रीएम कंपनीच्या ६००० आणि ७५०० या मालिका घेतल्या आहेत.

प्रकार जुनाच आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने २००९ च्या एच१एन१ साथीपासून हे मास्क वापरात ठेवले. २०२० मध्ये बाकीच्यांची त्यांच्याकडे नजर वळली.

रबरी वाटी, दोन्ही बाजूंना फिल्टर, त्यांच्या आत श्वास घेण्याच्या दोन पातळ पडद्या, समोर खाली श्वास सोडण्याची एक पडदी आणि डोक्याचे पट्टे, एवढंच हे यंत्र. ६००० ची वाटी थर्मोप्लास्टिक रबराची, ७५०० ची सिलिकोनची. तासभर घातला तर फरक कळत नाही. लांबलचक ड्यूटीत मात्र नाकाच्या दांड्यावर सिलिकोन कमी टोचतं. दोन्हींत लहान, मध्यम, मोठं अशी तीन मापं मिळतात: ६१००, ६२००, ६३०० आणि ७५०१, ७५०२, ७५०३. सगळ्यांसाठी मध्यम मागवून मोकळं होणं ही नेहमीची चूक. लहान चेहऱ्यावर मध्यम वाटी हनुवटीखाली पोकळी सोडते आणि पट्टे कितीही आवळले तरी ती पोकळी भरत नाही.

फिल्टर निवडताना थोडा विचार करावा. पापडासारखा चपटा, गुलाबी-जांभळट पी१०० फिल्टर हलका असतो, पण त्याचं कापड उघडं असतं. त्यावर शिंतोडा उडाला तर ते पुसताही येत नाही, धुताही येत नाही. वॉर्डासाठी कडक प्लास्टिकच्या डबीतला फिल्टर घ्यावा, कारण डबी बाहेरून पुसता येते. वजन थोडं वाढतं, ते सोसावं. फिल्टर बसवताना खाच जुळवून पाव फेरा, पक्का अडेपर्यंत. तिरका बसलेला फिल्टर लांबून ठीकच दिसतो आणि हवा कडेने आत येत राहते.

पी१०० सुमारे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, एन९५ किमान ९५ टक्के. हे आकडे ऐकून लोक भारावतात. पण अमेरिकी कामगार-सुरक्षा नियमांत दोघांनाही संरक्षणाचा घटक एकच दिलेला आहे: १०, म्हणजे मास्कच्या आत बाहेरच्या एक दशांश कण धरायचे. कारण गळती फिल्टरमधून कमी आणि चेहऱ्याच्या कडेने जास्त होते. म्हणून पी१०० च्या कौतुकापेक्षा फिट टेस्टला, म्हणजे मास्क चेहऱ्याला कडेने घट्ट बसतो का ते पाहणाऱ्या चाचणीला, वेळ द्या.

डोक्यावर हूड घालून सॅकरिन किंवा कडू द्रावणाचा फवारा मारायची टेस्ट या मास्कला पुरेशी आहे. आधी १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. पहिल्यांदा मास्कशिवाय, सौम्य द्रावणाने, फवाऱ्याचा फुगा किती वेळा दाबल्यावर चव कळते ते पाहायचं: १०, २० की ३०. मग मास्क घालून निदान पाच मिनिटं थांबायचं आणि तीव्र द्रावण तितक्याच दाबांनी सोडायचं. पुढे दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे दाब. तेवढ्यात साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास, प्रत्येकी एक मिनिट. चव आली की नापास. टेस्ट फसते ती बहुधा फवाऱ्यामुळे. दोन द्रावणांच्या नळ्यांची अदलाबदल होते, किंवा सॅकरिनचे कण तोंडाशी साचून फवारा बंद पडतो आणि सगळेच पास होतात! एका सकाळी एकही जण नापास झाला नाही, तर आधी नळीचं तोंड पाहा.

या मास्कचा मोठा फायदा इथे दिसतो. टंचाईत दर खेपेला वेगळ्या कंपनीचा एन९५ येतो आणि दर वेळी फिट टेस्ट नव्याने करावी लागते. रबरी मास्क एकदा जमला की तोच राहतो. दाढीवाल्यांसाठी मात्र इथेही सवलत नाही. खुंट जरी सीलखाली आले तरी गळतं.

घातल्यावर दर वेळी दोन तपासण्या. श्वास सोडण्याच्या पडदीवरच्या झाकणावर तळवा ठेवून हलकेच फुंकायचं. वाटी किंचित फुगली पाहिजे आणि कडेने हवा जाता कामा नये. मग फिल्टर बंद करून श्वास ओढायचा, वाटी किंचित आत खेचली गेली पाहिजे. चपट्या फिल्टरवर तळवा ठेवून भागत नाही, अंगठे मधोमध दाबावे लागतात.

आता धुणं. फिल्टर काढून बाजूला ठेवायचे, ते पाण्यात जाता कामा नयेत. पडद्या आणि पट्टे सुटे करायचे. पाणी कोमट, ४३ अंशांच्या आत, सौम्य साबण, मऊ ब्रश. खळबळून झालं की जंतुनाशक. कामगार-सुरक्षा नियमांतला जुना हिशेब असा: एक लिटर पाण्यात साधारण एक मिलिलिटर कपड्यांचं ब्लीच, म्हणजे क्लोरीन ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आसपास, त्यात दोन मिनिटं. साथीच्या विषाणूसाठी किती तीव्रता आणि किती वेळ, ते उत्पादकाच्या सूचनेवरून ठरवा, अंदाजाने नको. त्यानंतर पुन्हा वाहत्या पाण्यात धुवा आणि या धुण्यात कंजूषी नको. राहिलेला साबण किंवा क्लोरीन चेहऱ्याच्या कडेशी पुरळ उठवतो आणि पुरळ उठलेला माणूस मास्क ढिला घालू लागतो.

वाळल्यावर श्वास सोडण्याची पडदी उजेडात धरून पाहा. तिच्या बैठकीवर एखादा केस, साबणाचा वाळलेला पापुद्रा, किंवा पडदीची कड जराशी वर वळलेली, एवढंही पुरतं. श्वास घेताना ती मिटली नाही की हवा फिल्टर टाळून सरळ आत येते. श्वास घेण्याच्या पडद्या धुताना बेसिनमध्ये हरवतात. त्यांच्याशिवायही मास्क घालता येतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र दमट उच्छ्वास फिल्टरमध्ये शिरत राहतो. प्रत्येक ट्रेमागे पडद्या मोजायची सवय लावा.

गैरसोयीही खऱ्या आहेत. श्वास सोडण्याच्या वाटेला फिल्टर नाही, म्हणजे घालणारा सुरक्षित, समोरचा तितका नाही. ऑपरेशनच्या टेबलावर हे चालत नाही. वरून सर्जिकल मास्क लावणं हा तात्पुरता उपाय. बिनव्हॉल्व्हचे, म्हणजे श्वास सोडण्याची पडदी नसलेले प्रकारही आता आहेत. एमएसए कंपनीच्या ॲडव्हान्टेज २९० ला अमेरिकी मान्यता मिळाली आहे. त्यात श्वास आत-बाहेर फिल्टरमधूनच जातो, त्यामुळे किंचित जड लागतो.

बोलणं हा सर्वांत त्रासाचा भाग. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. औषधाचं नाव आणि मात्रा नुसती तोंडी सांगू नये. समोरच्याने ती परत म्हणून दाखवावी किंवा पाटीवर लिहावी, विशेषतः ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ची गल्लत होण्यासारखी असेल तिथे. रुंद नाकाडामुळे चष्मा वर सरकतो. उच्छ्वास खाली जात असल्याने काचांवर वाफ मात्र कमी धरते.

पट्टे टोपीच्या आत, थेट केसांवर. म्हणजे काढताना आधी टोपी, मग मास्क, आणि मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर. पुढे झुकून आधी मानेमागचा पट्टा, मग टाळूवरचा. वाटीला समोरून हात लावायचा नाही.

ठेवण्यासाठी नाव लिहिलेला भोकांचा डबा बरा. ओला मास्क प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवला तर वास येतो, आणि वर फाइली रचल्या तर वाटीची कड मुडपते ती तशीच राहते.

मागणी लिहिताना दर दहा मास्कांमागे श्वास सोडण्याच्या तीन पडद्या, श्वास घेण्याच्या सहा आणि पट्ट्यांचा एक संच वेगळा मागवा. फिल्टरवर चढवल्याची तारीख लिहा. ओला झाला, डाग पडला, डबीला तडा गेला किंवा श्वास ओढायला जड जाऊ लागला की तारीख न बघता बदला.