कापायचं की सोडायचं: स्नेअर उघडण्याआधी

इंदूरच्या माणसाला कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीच्या नळीने (स्कोपने) बघण्याआधी, पोहे बंद करायला सांगणं हेच अर्धं काम. त्यात आमच्याकडे पोह्यांवर डाळिंबाचे दाणे. एक बी स्कोपच्या नळीत अडकली की सक्शन ठप्प. असो. समजा, आतडं स्वच्छ मिळालं, समोर एक गुळगुळीत फुगवटा आहे, नेहमीचा अडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) वाटत नाही आणि तुम्ही नुकतेच स्कोप धरायला शिकताय.

पिवळसर असेल, त्यावरचं अस्तर शाबूत असेल, जागा उजवीकडे सीकमजवळ (मोठं आतडं सुरू होतं तिथे) असेल, तर लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ. बंद फोर्सेपने (चिमट्याने) दाबा: उशीसारखा खळगा पडतो, उचलला की भरून येतो. त्रास नसेल तर सोडून द्या. 2 सेंमीच्या पुढे गेलेला कधी रक्त गाळतो, कधी आतड्यात आतडं शिरायला कारण होतो. तरी स्नेअरची, म्हणजे करंट सोडून गाठ कापणाऱ्या तारेच्या फासाची, घाई नको. चरबीतून करंट नीट जात नाही. तो वाढवत गेलात तर भिंतीला भोक पडू शकतं.

खरा ठकसेन म्हणजे उलटा डायव्हर्टिक्युलम. बाहेर लोंबणारी भिंतीची पिशवी मोज्यासारखी आत उलटलेली असते, बहुधा सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाच्या आधीच्या वळणदार भागात. हाही दाबला की मऊच लागतो, म्हणून नुसत्या उशीवर विसंबू नका. रंग बघा: आजूबाजूच्या अस्तरासारखाच. बुडाशी फिकट वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी. शेजारी इतर पिशव्यांची तोंडं असतात. हवा भरली किंवा हलकेच ढकललं की बऱ्याचदा तो परत बाहेर जातो. या पिशवीला स्नायूचा थर नसतो. इथे स्नेअर आवळला की आतडं फुटलंच समजा. नुसती शंका असली तरी मी बायोप्सीसुद्धा घेत नाही.

ज्युवेनाइल पॉलिपचं, म्हणजे बहुधा मुलांत दिसणाऱ्या आतड्याच्या अस्तरावरच्या कोंबाचं, सगळंच निराळं. लालभडक, सोलवटलेला, वर पांढरट थर, खाली देठ. बुडाजवळचं अस्तर कोंबडीच्या कातडीसारखं ठिपकेदार. बहुतेक वेळा 2 ते 10 वर्षांचं मूल, न दुखता शौचातून रक्त, आणि पॉलिप गुदाशयात किंवा सिग्मॉइडमध्ये. मोठ्या माणसांतही सापडतो. हा काढायचाच. मोठ्या आतड्यात असे 5 किंवा अधिक दिसले तर मात्र ज्युवेनाइल पॉलिपोसिसचा (असे अनेक पॉलिप होणाऱ्या, घराण्यात चालू शकणाऱ्या आजाराचा) विचार करा आणि घरात आणखी कुणाला आहे का, ते विचारा.

लायपोमा की पिशवी यातच अडलात, तर फोटो घ्या, जागा लिहा, स्कोप बाहेर काढा आणि सीटी सांगा. चरबी त्यात काळी दिसते.