बदललेला मार्ग आणि आमच्यापासून दडवलेले पत्र

एजंटमार्फत लांब पल्ल्याच्या सागरी सफरीचे आरक्षण केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझे पती पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. सुएझ कालवा १९३ किलोमीटर लांब असूनही त्यात जहाज चढवण्या-उतरवण्यासाठी एकही दरवाजा नाही, हे ते आमच्या मुलांना लहानपणापासून सांगत आले होते. तो कालवा एकदा स्वतः पार करावा, या त्यांच्या इच्छेखातर आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये सिंगापूरहून कोलंबो, मुंबई, सलालाह, अकाबा आणि सुएझमार्गे रोमजवळच्या बंदरापर्यंत जाणारी २७ दिवसांची सफर निश्चित केली. दोघांचे भाडे ९,४०,००० रुपये आणि त्यावर पाच टक्के टीसीएस (म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर) ४७,००० रुपये, अशी रक्कम आमच्याच शहरातील, दहा वर्षांच्या ओळखीच्या एका सहल व्यावसायिकाकडे आम्ही भरली.

आरक्षणाचा अर्ज भरताना तो म्हणाला, “काकू, कंपनीच्या जाहिरातींचे मेल उगाच तुम्हाला येत राहतील, मी माझाच पत्ता टाकतो.” आम्ही मान डोलावली. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या एका ओळीत होते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवते.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात येमेनमधील हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतले आणि त्यानंतर सुएझकडे जाणाऱ्या वाटेवरील बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या परिसरात जहाजांवर हल्ले होऊ लागले. अनेक कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेण्यास सुरुवात केली. जानेवारी २०२४ मध्ये एजंटचा फोन आला की आपली सफरही आता मॉरिशस, डर्बन, केप टाउन आणि वॉल्व्हिस बे या मार्गाने बार्सिलोनापर्यंत जाईल, दिवस ३३ होतील, इंधनाचा व वाढीव दिवसांचा अधिभार म्हणून २,१०,००० रुपये द्यावे लागतील, आणि आता माघार घेतल्यास भरलेले सर्व पैसे बुडतील. वर वीस टक्के दराने ४२,००० रुपये टीसीएसही त्याने मागितला. सुएझ गेला याचे पतींना फार वाईट वाटले, तरी साडेनऊ लाखांहून अधिक रक्कम घालवण्यापेक्षा जाणे बरे, असा विचार करून आम्ही पैसे दिले. ते पैसे त्याने दुसऱ्याच नावाच्या खात्यात भरायला लावले आणि पावती साध्या कागदावर दिली, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. या दोन्ही गोष्टी आम्हाला तेव्हा दिसल्या होत्या, पण विचारायचा संकोच वाटला.

कोलंबो सोडल्यावर मॉरिशसपर्यंत नुसता समुद्र होता. एका रात्री जेवणाच्या टेबलावर सिंगापूरच्या एका मल्याळी दांपत्याशी बोलताना त्या बाईंनी सहज विचारले की तुम्ही पंचवीस टक्के परत घेतलेत ना? आम्हाला काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावरील प्रवासी सेवा कक्षात आरक्षण क्रमांक दाखवला, तेव्हा तेथील अधिकारी मुलीने कंपनीने जानेवारीत पाठवलेल्या पत्राची प्रत छापून हातात दिली. त्यात स्पष्ट लिहिले होते की मार्ग बदलल्यामुळे प्रवाशाने एक तर सफर रद्द करून पूर्ण रक्कम परत घ्यावी, किंवा नव्या मार्गाने त्याच भाड्यात प्रवास करावा, आणि प्रवास करणाऱ्यास भाड्याच्या पंचवीस टक्के परत मिळतील. अधिभाराचा त्यात उल्लेखही नव्हता. आमच्या वतीने दुसरा पर्याय कळवला गेला होता आणि सुमारे सव्वादोन लाख रुपये ज्या खात्यातून कंपनीला भाडे मिळाले होते त्या खात्यात, म्हणजे एजंटच्या खात्यात, परतही गेले होते. पती ते पत्र घेऊन डेकवर कितीतरी वेळ बसून राहिले. पैशांपेक्षाही, सफर रद्द करून सुएझमार्गे सफरी पुन्हा सुरू होईपर्यंत थांबण्याचा जो हक्क त्यांना होता तो परस्पर वापरला गेला, याचे दुःख मोठे होते.

जहाज कंपनीला मात्र मी दोष देणार नाही. पुढे जोराच्या वाऱ्यामुळे वॉल्व्हिस बे हे बंदरही वगळले गेले आणि केवळ बंदर शुल्क आमच्या खात्यावर जमा झाले, पण सुरक्षिततेसाठी मार्ग बदलण्याचा कप्तानाचा अधिकार करारात असतो आणि तो बदल सर्वांना ध्वनिक्षेपकावरून सांगितला गेला होता. आमची फसवणूक झाली ती बदलाची बातमी आमच्यापर्यंत येण्याच्या वाटेवर.

परत आल्यावर पतींनी फॉर्म २६ एएस, म्हणजे आपल्या नावावर सरकारकडे जमा झालेल्या कराचा तक्ता, काढून पाहिला. त्यात पहिले ४७,००० रुपये होते, नंतरचे ४२,००० नव्हते. म्हणजे तो करही सरकारकडे गेलाच नव्हता. आपल्याकडून टीसीएस घेतला गेला असेल तर प्रत्येकाने ही नोंद अवश्य तपासावी, कारण भरलेला टीसीएस विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आरक्षणात स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल नोंदवावा, आरक्षण क्रमांक मिळताच तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, आणि मार्ग बदलल्याचे कळले की एजंटचा निरोप न मानता कंपनीचे मूळ पत्र मागावे. ते देण्यास तो टाळाटाळ करू लागला, तर त्याच दिवशी कंपनीशी थेट संपर्क साधावा.

आम्ही प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत नोटीस दिली आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. जहाजावर मिळालेली पत्राची ती प्रत हाच आमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. मध्यंतरी एजंट घरी आला आणि पुढच्या सफरीवर दीड लाखाची सवलत देतो, तक्रार मागे घ्या, असे म्हणाला. आम्ही ते लेखी नाकारले आणि त्या नकाराच्या पत्राची प्रतही तक्रारीला जोडली.