वेळावतीचा किनारा : फँटसी मॅप जनरेटर आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अझगार्स फँटसी मॅप जनरेटर हे साधन वापरायला घेतले. आज आठ महिन्यांनी वेळावती नावाच्या एका काल्पनिक किनारी राज्याचा भरलेला नकाशा, त्यातील 27 गावे, चार प्रांत आणि तीन पंथ हाती असताना हा अनुभव लिहीत आहे. मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. दर रविवारी दुपारी माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी घरी येतात आणि आम्ही मिळून त्या राज्यातली गोष्ट खेळतो, म्हणजे मी प्रसंग मांडतो आणि आपापल्या पात्राने काय करायचे ते मुली ठरवतात. नकाशा मला या खेळासाठी हवा होता. त्यावरून प्रवास, व्यापार, नवस आणि भांडणे चालावीत एवढीच अपेक्षा होती, आणि पुढचे सारे मत त्या अपेक्षेतून आलेले आहे.

हे साधन ब्राउझरमध्ये चालते, विनामूल्य आहे आणि मुक्तस्रोत आहे. उघडताक्षणी ते एक संपूर्ण जग समोर ठेवते. नकाशाचा पृष्ठभाग वोरोनॉय आकृतीच्या, म्हणजे प्रत्येक बिंदूला त्याच्या सर्वांत जवळचा तुकडा देण्याच्या, तत्त्वावर हजारो लहान बहुभुज पेशींत विभागलेला असतो. आरंभी साधारण 10,000 बिंदू धरलेले असतात आणि ती संख्या वाढवली की संगणक जड होतो. प्रत्येक पेशीला उंची मिळते, उंची आणि अक्षांशावरून तापमान ठरते, वाऱ्याच्या दिशेवरून पाऊस ठरतो, पावसावरून नद्या वाहतात, आणि मग त्या जमिनीवर संस्कृती, गावे, राज्ये व धर्म पसरतात. ही कार्यकारणाची साखळी हेच या साधनाचे खरे बळ आहे. मी किनाऱ्याला समांतर अशी एक डोंगररांग उभी केली आणि वाऱ्याचा बाण नैऋत्येकडून वळवला, तेव्हा डोंगराच्या समुद्राकडील अंगाला दाट हिरवे रान आले आणि पाठीमागचे पठार कोरडे पडले. कोकणातून घाट चढून देशावर गेलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल, आणि ते मला हाताने रंगवावे लागले नाही, याचा आनंद मला अजूनही आहे.

अडचण अशी की या जगातला वारा वर्षभर एकाच दिशेने वाहतो. अरबी समुद्राच्या काठावरचे सगळे जीवन वारा फिरण्यावर उभे आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा, हिवाळ्यात ईशान्येचा, आणि या दोहोंच्या मध्ये गलबतांचे जाणे-येणे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात ही गोष्ट ज्या किनाऱ्यावर नाही, तो मला किनारा वाटतच नाही. शेवटी मी वाऱ्याच्या उलट दिशा ठेवून त्याच नकाशाच्या दोन प्रती केल्या, एक आषाढाची आणि एक पौषाची, आणि समुद्री वाटा प्रत्येक प्रतीवर वेगळ्या आखल्या. हा उपाय कष्टाचा आहे, परंतु त्यानंतर खेळात ‘आता निघालो तर परत कधी येऊ’ हा प्रश्न आपोआप येऊ लागला.

भरती-ओहोटीचे मात्र या साधनात काहीच नाही, आणि ते माझ्या लक्षात भाचीमुळे आले. पौषातल्या अमावास्येला आम्ही कावी-कंबोईला गेलो होतो. बडोद्याहून दीड-दोन तासांवर, खंभातच्या आखातावर, स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ आहे, जे दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते. ओहोटीला आम्ही चिखलातून चालत पिंडीपर्यंत गेलो आणि समोर क्षितिजापर्यंत नुसता ओला गाळ पाहून, आमच्या नकाशातले वेंगवली बंदर आठवून ती म्हणाली, “मामा, पाणीच नाही, मग आपलं गलबत वेंगवलीच्या बंदरात आलं कसं?” या आखातात भरती आणि ओहोटी यांतला फरक उधाणाच्या दिवशी दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. साधनाच्या लेखी मात्र किनारा ही एक रेघ आहे. समुद्राला लागून असलेल्या पेशीत आडोसा चांगला असेल तर तिथल्या गावाला बंदर मिळते, लोकसंख्या वाढते, आणि तिथून इतर बंदरांकडे समुद्री वाट जाते. हा हिशेब वाजवी आहे, पण खाडीच्या बंदराचा नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत भडोचजवळच्या (आजचे भरूच) नर्मदेच्या मुखाचे वर्णन आहे. ओहोटीला तळ उघडा पडतो, भरती नदीतून मोठ्या जोराने वर चढते, आणि म्हणून तिथल्या राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन समोर जातात व परक्या जहाजांना ठरलेल्या जागी आणून नांगरतात, असे तिथे सांगितले आहे. हे वाचल्यावर मी वेंगवलीला वाटाड्या तांडेलांची एक पेठ दिली, किनाऱ्याच्या पेशींवर वेगळा थर टाकून खाजणे दाखवली, आणि प्रत्येक बंदराच्या टिपणात तिथी लिहिल्या. टिपणांची सोय या साधनात उत्तम आहे; कोणत्याही गावावर, खुणेवर किंवा नदीवर क्लिक करून हवा तेवढा मजकूर लिहिता येतो. माझ्या राज्यातले जे काही जिवंत आहे त्यातले अर्धेअधिक या टिपणांत आहे.

राज्यांच्या सीमांबद्दलही असेच म्हणावे लागेल. राजधानी धरून राज्य बाहेर पसरत जाते, डोंगर, नदी आणि परकी संस्कृती ओलांडायला त्याला जास्त ‘खर्च’ पडतो, आणि त्यामुळे हाती येणारा प्रदेश बहुतेक सलग, गुळगुळीत कडांचा असतो. बडोद्याच्या माणसाला हे पटणे कठीण आहे. गायकवाडांचे राज्य नवसारी, बडोदा, कडी आणि अमरेली अशा सुट्या प्रांतांत विखुरलेले होते. मध्ये ब्रिटिशांचे जिल्हे आणि काठेवाडातली इतर संस्थाने होती, आणि पार पश्चिमेच्या टोकाला ओखामंडळ, म्हणजे द्वारकासुद्धा, बडोद्याच्या अमलाखाली होती. जकातीचे नाके, दुसऱ्याच्या मुलखातून जाणारे वसुलीचे पैसे, एका गावात एक कायदा आणि शेजारच्या गावात दुसरा, यांतूनच तर गोष्टी निघतात. सुदैवाने ब्रश घेऊन एकेक पेशी या राज्यातून त्या राज्यात टाकता येते. दोन संध्याकाळी बसून मी वेळावतीचे चार तुकडे केले आणि मध्ये दोन परकी संस्थाने घातली. मुलींना सर्वांत जास्त कथानके या फाटलेल्या नकाशाने दिली.

धर्मांचा भाग मी सर्वांत उत्सुकतेने उघडला होता. साधन लोकधर्म, संघटित धर्म, उपपंथ आणि पाखंड असे प्रकार करते, त्यांना दैवते देते, एकातून दुसरा कसा निघाला याचा वृक्ष दाखवते, आणि पंथ राज्यापुरता, संस्कृतीपुरता की सर्वत्र पसरेल हेही ठरवू देते. हा वृक्ष फार सुंदर आहे. त्यावरून माझ्या डोंगराळ लोकांचा शिळापूजक पंथ आणि किनाऱ्यावरचा तारवाई देवीचा पंथ एकाच मुळाचे असल्याची कल्पना सुचली. पण प्रत्येक पेशीला एकच धर्म मिळतो, आणि नकाशावर रंगांचे स्वच्छ तुकडे दिसतात. आपल्या किनाऱ्यावर तसे नसते. एकच खलाशी निघताना देवीला नारळ देतो आणि परतल्यावर पिराला चादर चढवतो. गुजरातच्या किनाऱ्यावर वहाणवटी सिकोतर माता गलबते राखते आणि तिच्याकडे नवस बोलणाऱ्याची जात कुणी विचारत नाही. वेळावतीत तारवाईचे देऊळ कंबोईसारखे दिवसातून दोनदा बुडते, आणि पाणी ओसरल्यावर पहिला नारळ कोणत्या पंथाने फोडायचा हा वाद तिथे तीन पिढ्या चालू आहे. हे नकाशाच्या रंगांत दाखवता आले नाही. मी धर्माचा थर फिका केला आणि तीर्थांच्या खुणा ठळक केल्या, कारण माझ्या राज्यात श्रद्धेला सीमा नाहीत, जत्रा आहेत.

गावांच्या नावांची युक्ती मात्र मनापासून आवडली. साधन नावांचे संच घेते आणि मार्कोव्ह साखळीने, म्हणजे त्या नावांत कशापुढे कोणते अक्षर येते हे पाहून, त्यांच्यासारखी नवी नावे जुळवते. तयार संचांत युरोपीय पुष्कळ आहेत, ‘कर्नाटक’ नावाचाही एक आहे, मराठी नव्हता. मी दाभोळ, गुहागर, हर्णै, रेवदंडा, वेंगुर्ले, जैतापूर, घोघा, टंकारी, गणदेवी, बिलिमोरा अशी साठेक नावे रोमन लिपीत भरली आणि त्यातून हरणोशी, देवरोळ, वेंगवली अशी नावे मिळाली. दहातली सहा-सात टाकाऊ निघतात, परंतु उरलेल्या नावांना आपल्या मातीचा वास असतो. नकाशावरची अक्षरे नंतर मी देवनागरीत बदलून घेतली.

गावाच्या टिपणातून एका वेगळ्या साधनात त्या गावाचा आराखडा उघडता येतो. तो तटबंदीच्या युरोपीय शहराचा असतो. मांडवीपाशी चार रस्ते मिळतात आणि चारही टोकांना दरवाजे आहेत अशी आमच्या जुन्या बडोद्याची रचना त्यातून येत नाही. राजधानी मी कागदावर काढली.

एक सूचना तळमळीने करतो. काम ब्राउझरच्या साठवणीत राहू देऊ नका, दर बैठकीनंतर नकाशाची फाइल उतरवून घ्या. फेब्रुवारीत मी स्वतःच ब्राउझरची साठवण साफ केली आणि सहा आठवड्यांची टिपणे गेली. बीजांक, म्हणजे ज्या आकड्यावरून साधन नकाशा घडवते तो, आणि नकाशाचे माप लिहून ठेवले असेल तर मूळ भूमी पुन्हा मिळू शकते, पण हाताने केलेले बदल आणि लिहिलेला मजकूर परत येत नाही. तारवाईच्या जत्रेचे वर्णन मी आठवून पुन्हा लिहिले. भाचीच्या वहीत तिच्या पात्राचे नवस लिहिलेले होते, त्यांचा फार उपयोग झाला.

सध्या आषाढाची प्रत उघडी आहे. गलबते वेंगवलीच्या पुळणीवर ओढलेली आहेत, आणि चौघी मुली देवरोळच्या नाक्यावर जकात न देता मीठ कसे न्यावे याचा विचार करीत आहेत.