दोन दशांशाचा वजनकाटा : शाळेच्या प्रयोगशाळेतले आठ महिने

जूनमध्ये ऑनलाइन मागवला. क्षमता ५०० ग्रॅम, मोजतो ०.०१ ग्रॅमपर्यंत. खोक्यावर कंपनीचं नावच नाही. हवा होता तो एकाच कामासाठी, दहावीचा अभिक्रियेचा दर.

पुस्तकात शहाबादी फरशीचे तुकडे एका परीक्षानळीत, चुरा दुसरीत आणि दोन्हींत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. चुऱ्यात बुडबुडे जोरात येतात, मुलं तसं वहीत लिहितात, तास संपतो. किती जोरात, हे कोणी विचारतच नाही.

आता आम्ही फरशीचे २ ग्रॅम तुकडे ४० मिलि २ मोलर तीव्रतेच्या आम्लात टाकतो, चंबूच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा ठेवतो (शिंतोडे अडतात, वायू जातो) आणि दर ३० सेकंदांनी आकडा टिपतो. फरशी अगदी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट धरली, तरी फार तर ०.८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जाणार. एक दशांशाच्या काट्यावर याचा आलेख म्हणजे आठ-नऊ पायऱ्यांचा जिना.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. आम्ल १ मोलर, तुकडे मोठे, चंबू ठेवून काटा शून्य केलेला. दोन मिनिटं आकडा ०.०० वरून हलेना. एक मुलगी म्हणाली, "सर, गॅस तर निघतोय, मग वजन तेवढंच कसं?" मी आधी बॅटरीला दोष दिला. खरी गोम अशी, की शून्याजवळचा हळू, बारीक फरक हा काटा स्वतःचीच चूक समजून पुसून टाकतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. तेव्हापासून शून्य करायचंच नाही. चंबूसकट ११०-१२० ग्रॅम दिसू द्यायचे आणि वजाबाकी वहीत करायची.

तीन मिनिटांत आपोआप बंद होतो, हा दुसरा वैताग. मध्येच बटण दाबलं तर चालू राहतो, पण बोटाच्या दाबाने आकडा उडतो. पंखा बंद ठेवावाच लागतो. मे महिन्यात हा प्रयोग घेऊन बघा!

डिसेंबरात आम्लाचे थेंब तबकडीखाली गेले आणि आकडा सरकायला लागला. परिचर मामांनी उघडून पुसला, १०० ग्रॅमच्या वजनाने पुन्हा जुळवला, तेव्हा सुधारला. आता त्यावर पातळ पिशवी चढवलेली असते.

चुऱ्यासाठी मात्र घेऊ नका. पहिल्या ३० सेकंदांतच बहुतेक खेळ आटोपतो, फेस बोळ्यापर्यंत येतो. आम्ही चाळणीने हरभऱ्याएवढे आणि बोराएवढे तुकडे वेगळे करतो. दोन्ही आलेखांचे चढ वेगळे येतात, शेवटी आकडे जवळपास एकाच जागी टेकतात. दुसरा काटा मागवलाय, हाच.