पहिलं योगदान कुठं द्यायचं: कोड, भाषांतर की बग?

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला इंजिनीअरिंग करत असाल तर "ओपन सोर्समध्ये काहीतरी कर" हा सल्ला एव्हाना कानावर आलाच असेल. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर. नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. नवख्यासाठी तीन वाटा आहेत. माझा कल कुठं आहे ते लपवणार नाही.

कोडला मान जास्त, मुलाखतीतही त्याचंच नाव निघतं. पण प्रकल्प कुठला, यावर सगळं अवलंबून. पहिल्याच दमात लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) घेतलंत तर सी++चा डोंगर समोर. साध्या लॅपटॉपवर बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला, तासन्‌तास लागतात, मध्येच लाइट गेली की बसा. पॅच, म्हणजे तुम्ही केलेला बदल, तोही गिटहब या कोड ठेवायच्या नेहमीच्या साइटवर नाही, गेरिट या बदल तपासायच्या वेगळ्या साइटवर पाठवायचा. त्यापेक्षा छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, बरी. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. एखाद्या लायब्ररीतल्या जिल्ह्यांच्या यादीत अजून जुनीच नावं दिसली, तर फोर्क (प्रकल्पाची स्वतःची प्रत), ब्रांच (बदलासाठी वेगळी फांदी), टेस्ट, पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती) असा सगळा फेरा दोन ओळींच्या बदलात शिकून होतो. मात्र नाव बदलून मोकळं होऊ नका. ज्यांच्या डेटाबेसमध्ये जुनं नाव साठवलेलं आहे त्यांचं काय, हे आधी इश्यूमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या चर्चेच्या नोंदीत, विचारा, कारण मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, तोच प्रश्न विचारणार. नेट रडतखडत असलं तरी गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं, अडत नाही, कमिट (बदलाची नोंद) ऑफलाइन होतं, पुश करताना, म्हणजे ती साइटवर चढवतानाच नेट लागतं. आणि हो, कमिटसोबत तुमचा ईमेल जगजाहीर होतो. गिटहबच्या सेटिंगमध्ये तो झाकायची सोय आहे, ती आधीच चालू करा.

भाषांतर सगळ्यात झटपट. त्यासाठी वेगळ्या साइट आहेत: फायरफॉक्सचं काम पाँटूनवर चालतं, लिब्रेऑफिसचं वेबलेटवर, मीडियाविकीचं (विकिपीडियामागच्या सॉफ्टवेअरचं) ट्रान्सलेटविकीवर. ब्राउझर असला की पुरे. वाक्यात मध्येच महिरपी कंसातलं नाव आलं तर त्याला हात लावायचा नाही, तिथं प्रोग्राम स्वतःची माहिती भरतो. मराठी पक्की असेल तर रविवारच्या दुपारी बरंच काम उरकतं. प्रोग्रामिंग मात्र यातून येणार नाही.

बग नोंदवण्याला लोक काम समजत नाहीत. मराठी वापरणाऱ्याचं पारडं जड आहे ते इथंच. 'शेतकऱ्यांची' हा शब्द घ्या. यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ऱ', हलन्त, 'य', नाहीतर साधा 'र', हलन्त, झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह आणि 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण हा शब्द असलेली एखादी यादी एका कीबोर्डवर टाइप झाली आणि तुम्ही दुसऱ्यानं शोधलंत, तर अक्षरं जशीच्या तशी ताडून पाहणाऱ्या शोधाला समोरचा शब्द सापडत नाही. बर्लिनमधल्या डेव्हलपरला हे कोण सांगणार?

नुसतं "सर्च चालत नाही" लिहून भागत नाही. आधी तोच बग कुणी नोंदवलाय का बघा. मग आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, कीबोर्ड, पायऱ्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहा. सोबत दोन ओळींची नमुना फाइल जोडा. ती फाइल स्वतः बनवा. गावातल्या खऱ्या यादीत लोकांचे मोबाइल नंबर असतात, आणि बगझिला, म्हणजे लिब्रेऑफिससारखे प्रकल्प बग नोंदवायला वापरतात ती साइट, सगळ्या जगाला दिसते.

नकाशाची हौस असेल तर 2004 पासून चालू असलेला ओपनस्ट्रीटमॅप आहे. तो सॉफ्टवेअरपेक्षा डेटाचा प्रकल्प, पण आपल्या वस्त्या-तांडे त्यावर घालायला गावचाच माणूस हवा.

हाताशी थोडाच वेळ असेल तर भाषांतर घ्या. नोकरीवर डोळा असेल, तर रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये आधी बग नोंदवा आणि कोड त्याच प्रकल्पात लिहा. तोवर तिथल्या माणसांना तुमचं नाव ओळखीचं झालेलं असतं. फक्त आधी शेवटची पुल रिक्वेस्ट कधी मर्ज झाली, म्हणजे प्रकल्पात घेतली गेली, ते बघा. वर्षभर काही हललं नसेल तर दुसरा प्रकल्प शोधा.