ग्राफिक्स कार्डाचे हिरवे ठिपके: दुरुस्तीनंतरच्या दहा महिन्यांचा अनुभव

2017 च्या दिवाळीत घेतलेलं माझं ग्राफिक्स कार्ड साडेसहा वर्षं बिनतक्रार चाललं. कार्डाची स्वतःची 6 जीबी मेमरी (जीडीडीआर5 प्रकारची), 120 वॅट, एकच पंखा. घरांच्या इंटेरियरची थ्रीडी चित्रं ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये करणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ते सगळं या एका कार्डावर. 2024 च्या मे महिन्यात, चिपळूणच्या भर दुपारी, एका स्वयंपाकघराच्या चित्रात काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर हिरवे ठिपके उमटले. टेक्श्चरची (दगडाच्या पृष्ठभागाच्या चित्राची) फाइल बिघडली असेल असं वाटलं. आठवड्याभरात ते डेस्कटॉपवरही दिसायला लागले, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचौकटीने. मग स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि परत यायची.

दुकानात नेलं तर दोन मिनिटांत निकाल: 'कार्ड गेलं, नवीन घ्या.' ऐन कामाच्या दिवसांत एवढा खर्च झेपणारा नव्हता. शिवाय नेमकं काय गेलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती फुकटातली युक्ती. ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट काढायचा आणि तो मोबाइलवर पाठवून बघायचा. तिथेही ठिपके असतील तर चित्र कार्डाच्या आतच बिघडतंय. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर आधी केबल, मॉनिटर नाहीतर कार्डाचं आउटपुट तपासायचं. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये ठिपके जसेच्या तसे होते. केबल बदलायचा प्रश्नच मिटला.

पुढचा संशय ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, 4101 क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. कार्डाने 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. स्क्रीन काळी होऊन परत येते ती त्यामुळे. पण ही नोंद कार्ड अडखळलं एवढंच सांगते, का अडखळलं ते नाही. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं साधन चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, नवा टाकला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी रेंडर (अंतिम चित्र तयार होण्याचं काम) अर्ध्यावर अडकलं म्हणून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तर विंडोजच्याही आधी येणाऱ्या बायोसच्या पानावरच उभ्या रेघा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून चालूच झालेला नसतो, त्यामुळे तो निर्दोष सुटला.

मग मेमटेस्ट व्हल्कन नावाचं छोटं, मोफत साधन मिळालं. ते कार्डाच्या मेमरीत आकडे लिहून परत वाचतं आणि जुळले नाहीत की चूक दाखवतं. सकाळी थंड कार्डावर एकही चूक नाही. दुपारी तासभर रेंडर करून लगेच चाचणी लावली तर चौथ्या मिनिटाला चुका सुरू. मेमरीच, आणि तीही तापल्यावर. इतके दिवस मी एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 74 अंश बघून निश्चिंत होते. ते तापमान मधल्या मुख्य चिपचं. माझ्या कार्डात मेमरीच्या चिपचं तापमान दाखवणारा सेन्सरच नाही.

कार्ड उघडलं. मुख्य चिपची उष्णता हीटसिंककडे (थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे) नेणारी पेस्ट खडूसारखी कोरडी झालेली, मेमरीसाठी तेच काम करणारे मऊ थर्मल पॅड कडक आणि तेल सुटलेले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून नवी पेस्ट लावली. पॅड मात्र 1 मिलिमीटरऐवजी 1.5 चे घातले. जाड म्हणजे जास्त चांगले अशी माझी समजूत होती. त्यांनी हीटसिंक उचलून धरला, मुख्य चिपला तो नीट टेकेना, आणि तापमान 86 वर गेलं. पुन्हा उघडून 1 चे घातले तेव्हा 67 वर आलं. पॅड मागवण्याआधी जाडी मोजाच, आणि जुने पॅड दबलेले असतात हे लक्षात ठेवून मोजा.

ठिपके कमी झाले, पण गेले नाहीत. शेवटी आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचा वेग 4000 मेगाहर्ट्झवरून 3700 केला आणि ते थांबले. थकलेली मेमरी पूर्ण वेगात चुकते, जरा सवड दिली की नीट काम करते. 48 मिनिटांच्या रेंडरला आता 50 मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांच्या बदल्यात कार्ड हातात राहिलं, मला हा सौदा मनापासून पटला.

कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला दोघातिघांनी दिला. कृपा करून तसं करू नका. चिप बोर्डाला जोडणारा धातू, म्हणजे शिसं नसलेलं सोल्डर, साधारण 217 अंशांच्या पुढे वितळतं. त्याखाली भाजून सांधे नव्याने जुळत नाहीत. तापल्यामुळे आतला तुटलेला संपर्क काही दिवस टेकतो आणि पुन्हा सुटतो. वर प्लास्टिक आणि कपॅसिटरची वाट लागते, आणि ज्या ओव्हनमध्ये आपण खायचं करतो त्यात तो धूर भरतो.

आता दहा महिने झाले. कोकणातला पावसाळा गेला, ऑक्टोबर हीट गेली. जुलैत एकदा ठिपके परतले, तेव्हा विंडोजच्या अपडेटनंतर आफ्टरबर्नर आपोआप सुरू होत नव्हतं आणि वेग परत 4000 झाला होता. तेवढं सोडलं तर 4101 ची एकही नवी नोंद नाही. महिन्यातून एकदा पंख्याची धूळ ब्रशने काढते आणि तापलेल्या कार्डावर वीस मिनिटं मेमरीची चाचणी लावते. परवाच्या रविवारी लावली, चुका शून्य. नव्या कार्डासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे, कारण ही चिप बरी झालेली नाही, फक्त सांभाळलेली आहे. चाचणीत पहिली चूक दिसेल त्या महिन्यात नवं घेणार.